गट, गण आणि गहुली

पुसदच्या एखाद्या तांड्यावरचा किंवा वणीजवळच्या खेड्यातला मतदार जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मतदान केंद्रावर जातो, तेव्हा तो एक नव्हे, दोन मतं देतो. पहिलं मत गटासाठी, दुसरं गणासाठी. गटातून निवडून येणारा जिल्हा परिषदेवर, यवतमाळला जातो. गणातून निवडून येणारा पंचायत समितीवर, म्हणजे तालुक्याच्या गावी बसतो. एका गटात दोन गण. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन गावांचा जिल्हा परिषद सदस्य एकच असतो, पण पंचायत समिती सदस्य वेगवेगळे असू शकतात. लोकसभेत किंवा विधानसभेत असली दुहेरी वीण नाही. खालच्या पायरीवरची निवडणूक सोपी असेल असं वाटतं खरं, पण या लोकशाहीतली सगळ्यांत गुंतागुंतीची यंत्रणा नेमकी इथेच आहे.

आधी पसारा पाहू. यवतमाळ जिल्ह्याचं क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर. तालुके सोळा, म्हणून पंचायत समित्याही सोळा. उत्तर-पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा, तिच्यापलीकडे तेलंगणा आणि मराठवाडा. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या २७,७२,३४८ होती. नगरपालिकांची शहरं वगळली की सुमारे पावणेबावीस लाख माणसं जिल्हा परिषदेच्या पदरात येतात. २०१७च्या निवडणुकीत गट होते ६१ आणि गण १२२. म्हणजे एका गटात सरासरी ३५ हजारांहून अधिक माणसं.

या आकड्याचं मोल कळण्यासाठी थोडं इंग्लंडात डोकावू. तिथे रटलंड नावाचा एक चिमुकला परगणा आहे. २०२१च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४१ हजारांच्या आसपास आणि त्याच्या परिषदेवर सदस्य २७. आपल्याकडच्या एका मोठ्या गटाएवढी वस्ती, आणि तिच्यासाठी सत्तावीस लोकप्रतिनिधी! तिथला परिषद सदस्य दीड हजार माणसांचा, आपला पस्तीस हजारांचा. तिथे मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत मतदान चालतं, आणि मतपत्रिकेवर पेन्सिलीने फुली मारायची पद्धत अजून टिकून आहे. इंग्लंडमध्ये मतदाराला छायाचित्राचं ओळखपत्र दाखवणं सक्तीचं झालं ते २०२३च्या मे महिन्यात. आपल्या गावातल्या आजीबाईंच्या बटव्यात ते त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

आता गहुलीकडे वळू. पुसद तालुक्यातलं हे छोटं गाव. १ जुलै १९१३ रोजी इथल्या बंजारा कुटुंबात वसंतराव नाईक जन्मले. नागपूरला शिकले, वकील झाले, पुसदच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि पुढे १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री राहिले. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो, त्यामुळे नाईक म्हटलं की लोकांना शेती आठवते. पण गावोगावच्या राजकारणावर त्यांची जी छाप आहे, ती मुख्यमंत्री होण्याआधीच्या एका अहवालाची. माझ्या मते त्यांचं तेच काम सगळ्यांत टिकाऊ ठरलं आणि त्याचीच आठवण सगळ्यांत कमी काढली जाते.

झालं असं, की १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने देशभर त्रिस्तरीय पंचायत राज्य सुचवलं. २ ऑक्टोबर १९५९ला राजस्थानात नागौर इथे त्याची सुरुवात झाली. मेहतांचा भर मधल्या स्तरावर, म्हणजे पंचायत समितीवर होता. जिल्हा परिषदेने देखरेख करावी, सल्ला द्यावा, एवढंच. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर दोन महिने व्हायच्या आत, २७ जून १९६० रोजी, त्या वेळी महसूलमंत्री असलेल्या वसंतरावांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १५ मार्च १९६१ला तिने २२६ शिफारशींचा अहवाल दिला आणि मेहतांची उतरंड उलटी केली. खरा कारभार जिल्हा परिषदेकडे. कारण व्यवहारी होतं : नियोजन करायचं, पैसा वाटायचा, अभियंते-डॉक्टर-शिक्षणाधिकारी नेमायचे तर तालुका फार लहान पडतो. पंचायत समिती त्या परिषदेचा हात म्हणून काम करेल, आणि तिचा सभापती जिल्हा परिषदेच्या सभागृहातही बसेल.

आणखी दोन गोष्टी या अहवालाने पक्क्या केल्या. एक, आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेत सदस्य म्हणून जागा नाही. ज्या माणसाने पुढे राज्य चालवलं, त्यानेच राज्याच्या पुढाऱ्यांना जिल्ह्याच्या दारात थांबवलं, हे आजच्या काळात वाचताना जरा अचंबाच वाटतो. दुसरी, जिल्हाधिकाऱ्याला बाजूला ठेवून परिषदेसाठी स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी, तोही भारतीय प्रशासन सेवेतला. निवडून आलेला अध्यक्ष आणि नेमलेला अधिकारी, अशी ही जोडी. १९६१चा कायदा झाला, १ मे १९६२ पासून तो लागू झाला. पुढे १९७८ साली अशोक मेहता समितीने देशासाठी जिल्हा हाच मुख्य स्तर असावा असं सुचवलं, तेव्हा महाराष्ट्राला त्या वाटेवर चालून सोळा वर्षं झाली होती.

त्याआधी वऱ्हाडात काहीच नव्हतं, असं मात्र समजू नये. यवतमाळ तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं आणि तिथे १९४८च्या कायद्याने जनपद सभा आलेल्या होत्या, तालुक्यागणिक एक. जिल्हा परिषद आली ती या जनपद सभांच्या जागी. पश्चिम महाराष्ट्रात लोकल बोर्डं गेली, आपल्याकडे जनपदं गेली. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात फारसा सापडत नाही.

वसंतरावांचे पुतणे सुधाकरराव नाईक याच शिडीने वर चढले : गहुलीचे सरपंच, मग पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि १९९१मध्ये मुख्यमंत्रिपद. ते पदावर असतानाच, डिसेंबर १९९२मध्ये, पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३वी दुरुस्ती संसदेने मंजूर केली. २४ एप्रिल १९९३ला ती अमलात आली आणि दर पाच वर्षांनी निवडणूक घेणं बंधनकारक झालं. त्यासाठी राज्याचा स्वतंत्र निवडणूक आयोग १९९४मध्ये स्थापन झाला. अनेकांचा समज असतो की ग्रामपंचायतीची निवडणूकही दिल्लीचा आयोगच घेतो. तसं नाही. मतदार यादी तेवढी विधानसभेची वापरतात. बाकी सगळं काम मुंबईतल्या आयोगाचं.

निवडणुकीची खरी उलथापालथ होते ती मतदानाच्या दिवशी नव्हे, सोडतीच्या दिवशी. आधी जनगणनेच्या आकड्यांवरून गट-गणांची प्रारूप रचना प्रसिद्ध होते. मग हरकती : आमचं गाव नाल्यापलीकडच्या गणात का टाकलं, इथून तिथे जायला रस्ताच नाही. मग आरक्षण. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, जिथे टक्का जास्त तिथे आधी, आणि पुढच्या खेपेला चक्रानुक्रमाने दुसरीकडे. त्यानंतर महिलांच्या जागा, २०११ पासून निम्म्या. या चिठ्ठ्या काढायला शाळेतलं एखादं लहान मूल बोलावतात. पारदर्शक बरणीत हात जातो, चिठ्ठी उघडते आणि मागच्या रांगेतला एखादा मातब्बर डोक्याला हात लावून उठतो. त्याचा गट ‘उडालेला’ असतो. पाच वर्षं लग्नकार्यात हजेरी लावून, बोअरवेल आणून, बदल्या करून देऊन बांधलेला गट एका क्षणात महिलेसाठी राखीव! मग पत्नीचं नाव पुढे येतं. या ‘पतिराजां’ची चेष्टा पुष्कळ होते आणि ती रास्तही आहे, पण पहिल्या खेपेला नवऱ्याच्या सावलीत आलेल्या बाईने दुसऱ्या खेपेला स्वतःच्या बळावर तिकीट मागितल्याचीही उदाहरणं आहेत, ती कुणी फारशी सांगत नाही.

उमेदवारी अर्जाचीही आपली वेगळीच परीक्षा. वयाची एकवीस वर्षं पूर्ण हवीत. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं असेल तर माणूस बाद. आमदारकी-खासदारकीला ही अट नाही. घरी शौचालय हवं आणि त्याचा वापर हवा. राखीव जागेवर लढणाऱ्याला जात वैधता प्रमाणपत्र द्यावं लागतं. मुदतीत ते दिलं नाही तर जिंकलेली जागाही जाते. तालुक्याच्या गावी त्या दिवसांत झेरॉक्सच्या दुकानांपुढे जी गर्दी असते, ती पाहिली की राजकारणात कागदाला किती वजन आहे ते कळतं.

प्रचाराची तऱ्हा तर जिल्ह्याइतकीच विविध. २०१७चं मतदान १६ फेब्रुवारीला झालं. म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, हरभरा सोंगायला आलेला, मजूर दिवसभर वावरात. उमेदवार गाठ घेणार तर दिवेलागणीनंतरच. पुसद, दिग्रस, महागावकडच्या तांड्यांवर गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलणारा कार्यकर्ता हवा. नायक-कारभाऱ्यांना आधी भेटल्याशिवाय तांड्यात सभा होत नाही. केळापूर, झरी जामणी, मारेगावच्या बाजूला कोलामांचे पोड आणि गोंडांची गावं. तिथे कोलामी, गोंडी आणि सीमेकडे तेलुगूही चालते. एकाच जिल्हा परिषदेसाठी पाच भाषांतून मत मागितलं जातं. याच पूर्वेकडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, त्यामुळे तिथल्या गावांचं सरपंचपद अनुसूचित जमातीकडेच राहतं.

मोजणीत दोघांची मतं सारखी झाली, तर पुन्हा चिठ्ठी. ही रीत आपलीच आहे असं समजून कुणी हसू नये. २०१७ सालीच इंग्लंडच्या नॉर्दम्बरलंडमध्ये साउथ ब्लाइथच्या जागेवर दोन उमेदवार बरोबरीत आले, तेव्हा काड्या ओढून निकाल लावला गेला आणि त्या एका काडीने एका पक्षाचं स्पष्ट बहुमत हुकलं. आपल्या आयोगाने मात्र एका बाबतीत पुढचं पाऊल टाकलं आहे. २०१८च्या आदेशानुसार महापालिका-नगरपालिकांच्या निवडणुकीत ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला सर्वाधिक मतं पडली, तर तिथे फेरनिवडणूक.

आणि निकाल लागला म्हणजे सत्ता ठरली, असंही नाही. अध्यक्ष मतदार निवडत नाहीत, सदस्य निवडतात, आणि त्याची मुदत अडीच वर्षांची. २०१७ला यवतमाळमध्ये शिवसेना सगळ्यांत मोठा पक्ष ठरली, भाजप तिच्या मागोमाग, काँग्रेस आणि राष्ट्रवादी त्यानंतर. पण सत्तेत बसले ते उरलेले तिघं एकत्र येऊन. मुंबईत एकमेकांना पाण्यात पाहणारे यवतमाळात एका बाकावर. पुढे राज्यात महाविकास आघाडी झाली आणि इथलीही समीकरणं फिरली. गावातल्या माणसाला यात फारसं नवल वाटलं नाही. बांधकाम सभापती कोण आणि शिक्षण-आरोग्य कुणाकडे, हे त्याच्या दृष्टीने पक्षाच्या नावापेक्षा मोठं. कारण शाळेची गळकी खोली, उपकेंद्रातली नर्स आणि शिवरस्त्याचा मुरूम यांचा निर्णय तिथेच होतो.

मार्च २०२२मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली आणि गाडी अडली. अडली ती गणितावर. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ला, शेजारच्या वाशीमसह काही जिल्हा परिषदांच्या प्रकरणात, एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर जाता कामा नये असं बजावलं होतं. आता यवतमाळचे आकडे मांडून पाहा. २०११च्या जनगणनेत अनुसूचित जमाती सुमारे साडेअठरा टक्के, अनुसूचित जाती बाराच्या जवळपास. झाले तीस. त्यात इतर मागासवर्गाचे सत्तावीस मिळवले की सत्तावन्न. खेड्यांपुरतं पाहिलं तर आदिवासींचा टक्का याहून वाढतो. मर्यादा पाळायची तर इतर मागासवर्गाच्या वाट्याला वीसच्या आसपास उरतात, आणि कुणबी-तेली-माळी समाजाच्या राजकारणावर उभ्या असलेल्या जिल्ह्यात ते कुणालाच परवडणारं नाही. कोल्हापूर-साताऱ्यात हा पेच येत नाही, कारण तिथे आदिवासी वस्ती नगण्य आहे. आयोगाने जानेवारी २०२६मध्ये जिल्हा परिषदांचा पहिला कार्यक्रम जाहीर केला, तो मर्यादेच्या आतल्या बारा जिल्ह्यांचा. त्यात यवतमाळ नव्हतं.

मुदत संपल्यावर जिल्हा परिषदेचं प्रशासकपद मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे आणि तालुक्याला गटविकास अधिकाऱ्यांकडे गेलं. वसंतरावांनी आखलेल्या जोडीतला नेमलेला अर्धा भाग तेवढा कामाला उरला, आणि तो त्यांच्याच जिल्ह्यात सगळा गाडा ओढू लागला. गट आणि गणांच्या याद्या, हरकतींचे अर्ज, सोडतीच्या चिठ्ठ्या यांच्यावर मात्र तालुक्याच्या चहाच्या टपरीवर चर्चा थांबलेली नाही. कुणाचा गट खुला राहणार आणि कुणाचा उडणार, याचे अंदाज तिथे निवडणुकीच्या तारखेआधीच बांधून झालेले असतात.