यंत्राचे श्रवण आणि बोलीचा प्रश्न

प्रमाणभाषा आणि बोली यांच्या संबंधाचा विचार आपण सहसा साहित्याच्या संदर्भात करतो. यंत्राशी बोलताना हाच संबंध कसा प्रत्ययास येतो, ते या भागात पाहू.

उच्चारलेले शब्द ओळखून त्यांना लेखी रूप देणाऱ्या तंत्राला आपण येथे 'उच्चार-ओळख' म्हणू. १९५२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेले 'ऑड्री' हे यंत्र केवळ शून्य ते नऊ हे अंक ओळखत असे, तेही परिचित आवाजातील. आयबीएमच्या १९६२ मधील 'शूबॉक्स' यंत्राला सोळा शब्द कळत. १९७० नंतर संभाव्यतेच्या गणिताचा आणि २०१० नंतर न्यूरल नेटवर्कचा वापर वाढला, तसे अखंड बोलणे ओळखणे शक्य झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलच्या बोलून टंकलेखन करण्याच्या सुविधेत मराठीचा समावेश झाला.

या ओळखीला दोन अंगे असतात. यंत्र ध्वनिलहरींचे अतिसूक्ष्म तुकडे करून कोणता ध्वनी उच्चारला गेला, याचा अंदाज बांधते. त्याच वेळी, आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येणे अधिक संभवनीय आहे, हेही ते पाहते. दोन्ही अंदाज शिकवणीसाठी दिलेल्या ध्वनिमुद्रणांवर आणि मजकुरावर अवलंबून असतात. जे ऐकवले नाही, ते यंत्राला सहजी ओळखता येत नाही. अशा वेळी ते परिचित शब्दांतील जवळचा शब्द निवडते.

वर्धा जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या भागातील वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या बोलण्यात 'ळ'चा 'य' होताना आढळतो. 'हळद' हा शब्द 'हयद' असा उच्चारला जातो. समजा, एखाद्या शेतकऱ्याने भ्रमणध्वनीला विचारले, "हयदीचा भाव काय हाय?" यंत्राने उरलेले तीन शब्द अचूक टिपले आणि पहिलाच चुकवला, तर चार शब्दांत एक चूक, म्हणजे प्रमाद पंचवीस टक्के. परंतु चुकलेला शब्द पिकाचे नाव असल्याने शेतकऱ्याच्या दृष्टीने उत्तर पूर्णतः निरुपयोगी ठरते. चुकांची टक्केवारी अर्थाची हानी मोजत नाही.

प्रश्न केवळ उच्चाराचा नाही. "वावरात पऱ्हाटीले पानी देऊन राह्यलो" या वाक्यात 'पऱ्हाटी' म्हणजे कपाशीचे झाड, 'ले' हा 'ला' या प्रत्ययाच्या जागी आलेला प्रत्यय, आणि 'देऊन राह्यलो' म्हणजे 'देत आहे'. प्रमाण मराठीच्या सवयीने पाहिल्यास 'पाणी देऊन तेथे राहिलो' असा भलताच अर्थ निघेल. येथे शब्दसंग्रह, प्रत्यय आणि क्रियापदरचना या तिन्ही पातळ्यांवर बोलीचे स्वतंत्र व्याकरण आहे. त्याला 'अशुद्ध' ठरवून चालत नाही.

यावर उपाय म्हणजे बोलींची ध्वनिमुद्रणे आणि त्यांचे काळजीपूर्वक केलेले लिप्यंतर. भारतीय विज्ञान संस्थेच्या सहभागातील 'वाणी' प्रकल्प जिल्हानिहाय बोलण्याचे नमुने गोळा करतो, हे या दिशेचे पाऊल आहे. मात्र 'हयद' ऐकल्यावर 'हयद' लिहावे की 'हळद', हा निर्णय अभियंत्याने एकट्याने घेण्याचा नाही. पहिल्या पद्धतीत बोलीची नोंद राहते, दुसरीत बाजारभाव शोधणे सोपे होते. दोन्ही रूपे शेजारी नोंदवली, तर दोन्ही हेतू साधतात. त्यासाठी बोली जाणणारा, मराठीचा अभ्यास केलेला माणूस लागतो. हे काम आपल्यापैकी कोणीही करू शकेल.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एका ज्येष्ठ व्यक्तीचे पाच मिनिटांचे बोलणे तिच्या संमतीने ध्वनिमुद्रित करा. ऐकू आले तसे एका ओळीत आणि त्याचे प्रमाण रूप दुसऱ्या ओळीत लिहा. दोहोंतील फरक ध्वनी, प्रत्यय आणि शब्दसंग्रह या तीन गटांत मांडा.