संशोधकाचे अवजार आणि त्याची निगा

वरणगावच्या माझ्या एका विद्यार्थ्याने केळीच्या बाजारभावांवर प्रबंध लिहिला. आकड्यांची छाननी त्याने संस्थेच्या संगणकावरील, परवाना घेऊन वापरावयाच्या सॉफ्टवेअरमध्ये केली होती. संस्था सुटली तसा परवानाही सुटला. पुढे एका जाणकाराने शंका काढली, तेव्हा स्वतःचेच गणित त्याला पुन्हा मांडून दाखविता येईना. जे पडताळता येत नाही, त्यास शास्त्र म्हणावे काय?

या प्रश्नाचे एक उत्तर लिनक्समध्ये आहे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने संगणकाच्या कार्यप्रणालीचा हा गाभा लिहिला. त्याची मूळ आज्ञावली सर्वांस खुली आहे. ती वाचावी, बदलावी, वाटावी. साहजिकच त्याभोवती आपापल्या कामाची साधने रचून स्वतंत्र आवृत्ती सिद्ध करता येते. अमेरिकेतील फर्मीलॅब व युरोपातील सर्न या प्रयोगशाळांच्या पुढाकाराने २००४ साली निघालेली ‘सायंटिफिक लिनक्स’ ही अशीच आवृत्ती होय.

तिचा पुढील इतिहास मात्र बोधप्रद आहे. निराळी चूल मांडण्यापेक्षा ‘सेंटओएस’ ही सामायिक प्रणाली बरी, असे ठरवून फर्मीलॅबने २०१९ मध्ये नवी आवृत्ती न काढण्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी ‘सेंटओएस’मागील रेड हॅट कंपनीने आपले धोरण बदलले आणि २०२९ पर्यंत मिळावयाचा आधार २०२१ अखेरीसच काढून घेतला. प्रयोगशाळांना पुन्हा नवा आसरा शोधावा लागला.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर खुली प्रणाली ही सार्वजनिक वस्तू आहे. विरजण शेजाऱ्यास दिल्याने आपले कमी होत नाही. परंतु ते टिकवावयाचे तर कोणीतरी रोज दूध लावावे लागते. प्रती फुकट निघतात, निगा फुकट होत नाही.

साधनांचा आपल्याकडे दुष्काळ नाही. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ‘डेबियन’वर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली २००७ मध्ये दिली. मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्प विज्ञान-अभियांत्रिकीच्या खुल्या साधनांचा प्रसार करीत आहे. म्हणून विद्यापीठांनी नवी प्रणाली घडविण्याचा हव्यास धरू नये. ‘डेबियन’ वा ‘बॉस’ घ्यावी. संख्याशास्त्रासाठी ‘आर’, गणितासाठी ‘सायलॅब’ अशी निवडक साधने तीत बसवावीत. मराठीत मार्गदर्शिका लिहावी. आणि दर वर्षीची आवृत्ती ग्रंथालयात प्रबंधांशेजारी जपून ठेवावी, म्हणजे दहा वर्षांनीही ते गणित तपासता येईल.

याकरिता मोठी इमारत नको, उद्घाटनाचा सोहळाही नको. निगा राखणारी दोन माणसे आणि त्यांचे नियमित वेतन, एवढेच हवे. परवान्यांवर दरसाल खर्च करणाऱ्यांना हा भार जड वाटावयास नको. अवजार उसने असले, तर पीकही पुरते आपले होत नाही.