जहाल उजव्यांसमोर प्रस्थापित पक्ष

‘खरी जनता’ एका बाजूला आणि भ्रष्ट सत्ताधारी दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी करून स्थलांतरित किंवा अल्पसंख्याकांविरुद्ध अस्मितेचे राजकारण करणाऱ्या पक्षांना अभ्यासक लोकानुनयी जहाल उजवे पक्ष म्हणतात. असा पक्ष वाढू लागला की जुन्या पक्षांपुढे चार मार्ग असतात: दुर्लक्ष करणे, त्याचे मुद्दे उचलणे, उघड विरोध करणे किंवा त्याच्याशी युती करणे. बेल्जियममधील पक्षांनी १९८९ पासून अशा पक्षाला सत्तेबाहेर ठेवण्याचे ठरवले, तर ऑस्ट्रियात २००० साली पुराणमतवाद्यांनी हायडर यांच्या फ्रीडम पार्टीला सरकारात घेतले. महाराष्ट्रात या मार्गांचा अनुभव त्याच्याही आधीपासून आहे.

१९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. मुंबईतील नोकऱ्यांमध्ये मराठी माणसाला डावलले जाते, ही तिची मुख्य तक्रार होती आणि पहिला रोख दाक्षिणात्यांवर होता. काँग्रेसने तिला रोखण्याऐवजी तिचा उपयोग करून घेतला. गिरणगावातील कम्युनिस्ट कामगार संघटना काँग्रेसला अडचणीच्या होत्या आणि सेना त्यांच्याशी रस्त्यावर भिडत होती. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या नावावरून विरोधक तिला ‘वसंतसेना’ म्हणत. जून १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यांच्या जागेवरील पोटनिवडणूक जिंकून वामनराव महाडिक सेनेचे पहिले आमदार झाले.

पुढे काँग्रेसने सेनेचाच मुद्दा हाती घेतला. १९८५ च्या मुंबई महापालिका निवडणुकीआधी मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा डाव असल्याचे विधान केले. त्याचा लाभ सेनेने उठवला आणि महापालिका जिंकली. १९८९ मध्ये भाजपशी युती करून सेना हिंदुत्वाच्या बळावर राज्यभर पसरली आणि १९९५ मध्ये युती सत्तेवर आली.

जहाल पक्षामुळे दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याची मते फुटत असतील, तर प्रस्थापित पक्षाचा तात्पुरता फायदाही होतो. २००६ मध्ये राज ठाकरे यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने (मनसे) २००९ च्या विधानसभेत १३ जागा मिळवल्या. तिने शिवसेना-भाजपची मराठी मते खाल्ली आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीने सत्ता राखली.

उघड विरोधाचे उदाहरण सोलापुरात दिसते. भाजपला जहाल उजवा म्हणावे का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि पक्षाला ती ओळख मान्य नाही. पण काँग्रेससमोरचा पेच तोच होता. केंद्रीय गृहमंत्री असताना सोलापूरचे खासदार सुशीलकुमार शिंदे यांनी जानेवारी २०१३ मध्ये जयपूरच्या काँग्रेस शिबिरात भाजप आणि संघावर हिंदू दहशतवादाला खतपाणी घातल्याचा आरोप केला. गदारोळ झाल्यावर महिनाभरात त्यांनी खेद व्यक्त केला. २०१४ च्या मोदी लाटेत ते सोलापुरातच हरले.

२०१९ मध्ये तेथे तिरंगी लढत झाली. भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी जिंकले. मात्र सुशीलकुमार शिंदे आणि वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर यांची मते एकत्र केली तर ती विजयी उमेदवाराच्या मतांपेक्षा जास्त भरतात. २०२४ मध्ये चित्र बदलले. आंबेडकर अकोल्यातून उभे होते आणि काँग्रेसच्या आघाडीत भाजपपासून दूर झालेली उद्धव ठाकरे यांची शिवसेना होती. एकेकाळी ‘वसंतसेना’ म्हणून हिणवला गेलेला पक्ष आता काँग्रेससाठी मते मागत होता. काँग्रेसच्या उमेदवार आणि सुशीलकुमार यांच्या कन्या प्रणिती शिंदे यांनी भाजपचे उमेदवार, माळशिरसचे तत्कालीन आमदार राम सातपुते यांचे सोलापुरात ‘स्वागत’ करून त्यांना बाहेरचा उमेदवार ठरवले. सातपुते यांनी आपण ऊसतोड कामगाराचा मुलगा असल्याचे सांगितले. शहराचा पाणीप्रश्न आणि कांद्याची निर्यातबंदी हेही मुद्दे तापले होते. प्रणिती शिंदे सुमारे ७४ हजार मतांनी निवडून आल्या.

युरोपातील निवडणुकांचे अलीकडचे अभ्यासही सांगतात की जहाल पक्षाची भूमिका उसनी घेतल्याने त्याचे मतदार सहसा परत येत नाहीत. उलट त्या भूमिकेला प्रतिष्ठा मिळते. महाराष्ट्राचा साठ वर्षांचा अनुभव याला दुजोरा देतो. दुसऱ्याचा मुद्दा उचलणाऱ्या पक्षाला त्याचे श्रेय मिळत नाही. निव्वळ शाब्दिक हल्ल्यानेही मते वळत नाहीत. विरोधी मतांची फूट टाळणे आणि रोजच्या प्रश्नांवर स्वतःची भूमिका घेऊन उभे राहणे, हाच त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग ठरला आहे.