घर तेच, देश दुसरा

भारतीय लष्कराच्या ‘ऑपरेशन विजय’ने डिसेंबर १९६१मध्ये सुमारे ३६ तासांत गोव्यातली ४५१ वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपवली. माणसांची कागदोपत्री ओळख बदलायला मात्र थोडा वेळ लागला. २८ मार्च १९६२च्या नागरिकत्व आदेशानुसार, जी व्यक्ती, तिचे आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणी २० डिसेंबर १९६१पूर्वी गोवा, दमण वा दीवमध्ये जन्मले होते, ती त्या दिवसापासून भारतीय. अर्ज नको, शपथ नको. जुनेच नागरिकत्व हवे असेल, तर महिनाभरात लेखी कळवायचे.

काहींनी तसे कळवलेही. त्यांच्यातल्या एका पाद्र्याला वास्तव्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर देश सोडण्याचा हुकूम झाला. गोवा हा व्याप्त प्रदेश असल्याने जिनिव्हा करारांचे संरक्षण आपल्याला आहे, असे त्याचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६९मध्ये ते फेटाळले: प्रदेश सामील झाला, तिथे लष्करी ताबा संपला. जन्मगावातच परका ठरण्याची ही तऱ्हा!

लिस्बनने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते थेट डिसेंबर १९७४च्या करारात, तेही पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळल्यावर. मुक्तीपूर्वी जन्मलेल्या गोवेकरांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दरवाजा मात्र पुढेही खुला राहिला. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जाते.