पन्नास वर्षांचे पाहुणे

हिवाळा लागला की फुटपाथवर स्वेटरांचे ढीग मांडून बसणारे तिबेटी विक्रेते आपल्या ओळखीचे. पण गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावजवळ, १९७२पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग नावाची वसाहतच आहे, हे किती जणांना ठाऊक असतं?

भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि स्वतंत्र निर्वासित कायदाही नाही. त्यामुळे तिबेटींचं सगळं अडतं ते नोंदणी प्रमाणपत्रावर. मुदत संपली की पुन्हा कचेरीची पायरी. २०१४च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने जमिनीचे भाडेपट्टे, रेशन, रोजगार हमी यांची वाट दाखवली. अंमलबजावणी मात्र राज्यांच्या मर्जीवर.

हे हक्क कायद्यातच यायला हवेत. म्यानमारहून आलेल्या रोहिंग्यांसाठी तर असं धोरणसुद्धा नाही.