नापसंत झालेले पुस्तक

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर हे गाव आहे. तेथील पुष्कळ घरांना चौकट आहे, पण कवाडे नाहीत. चोरी करणारास शनिदेव शासन करील, या श्रद्धेवर गाव विसंबून असतो. मुलांनो, माणसाच्या मनावर चालणारी सत्ता किती बळकट असते, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल. पण ग्रहांच्या भयाचा उपयोग कोणी स्वतःच्या पोटासाठी करू लागला तर? हा प्रश्न जोतीराव फुले यांनी १८५५ साली एका नाटकात मांडला. त्या वेळी ते अवघे २८ वर्षांचे होते. नगर येथील मिस फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली होती, आणि १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा काढली होती.

नाटकाचे नाव ‘तृतीय रत्न’. एका कुणब्याच्या घरी जोशी येतो आणि त्याच्या गरोदर बायकोला ग्रहपीडेचे भय घालतो. बिचारी दोघे अनुष्ठान व भोजने यांच्या खर्चात बुडतात. जोशाच्या हाती ना तलवार, ना सरकारी हुकूम. पंचांग त्याला वाचता येते आणि त्यांना येत नाही, एवढेच त्याचे बळ! अखेर ती दोघे स्वतः शिकावयास निघतात.

पेशवाईत विद्वानांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेतील काही रक्कम इंग्रजी अमदानीत मराठी ग्रंथांच्या बक्षिसासाठी ठेवलेली होती. जोतीरावांनी आपले नाटक त्या समितीकडे धाडले. समितीने ते नापसंत केले. एतद्देशीय सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनीच पुढे लिहून ठेवले आहे. हस्तलिखित बाजूस पडले.

दुसरा एखादा लेखणी मोडून बसला असता. जोतीराव शाळांच्या कामात गढून गेले; परंतु विषय त्यांनी सोडला नाही. १४ वर्षांनी, १८६९ साली, ‘ब्राह्मणांचे कसब’ हे पुस्तक त्यांनी पदरच्या पैशाने छापले. त्याच वर्षी शिवाजीमहाराजांवरील त्यांचा पोवाडा निघाला. १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना त्यांनी ती अर्पण केली. पुण्यातील एका लेखकाने सातासमुद्रांपलीकडील दुःखाशी आपल्या शेतकऱ्यांचे दुःख जोडावे, ही केवढी दूरदृष्टी!

तरीही वाट सुकर झाली नाही. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची आरंभीची प्रकरणे छापून ‘दीनबंधू’ या स्नेह्यांच्याच पत्राने पुढील छपाई थांबविली. तेव्हा छापखान्यावाचून काय अडते? जोतीरावांनी तो मजकूर गावोगावी जाऊन मोठ्याने वाचून दाखविला. ज्यांच्याविषयी तो लिहिला होता, त्यांच्यातील बहुतेकांना वाचता कोठे येत होते!

१८८८ साली मुंबईच्या जनतेने त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे पडले. मग डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुरा केला. १८९० साली ते निवर्तले आणि पुढील वर्षी तो ग्रंथ बाहेर पडला. ‘तृतीय रत्न’ मात्र १९७९ साली, म्हणजे लिहिल्यानंतर १२४ वर्षांनी, प्रथम छापले गेले.