खानदेशची हवा आणि जुना कार्बोरेटर

मे महिन्यात दुपारी जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पौषातल्या पहाटे धुळ्यात तोच पारा १० अंशांखाली उतरतो. हवा तापली की विरळ होते. या दोन टोकांमध्ये तिच्या घनतेत सुमारे अकरा-बारा टक्क्यांचा फरक पडतो. हजार मीटर उंची चढल्यावरही साधारण तेवढाच फरक पडतो. म्हणजे जळगावच्या नेरी नाक्यावर उभी असलेली मोटारसायकल जागची न हलता वर्षातून एकदा तोरणमाळचा डोंगर चढून उतरते. नव्या गाडीतला संगणक हा बदल स्वतः मोजतो आणि पेट्रोल कमी-जास्त करतो. जुन्या गाडीत ते भान ठेवायला गॅरेजवालाच लागतो. खानदेशातल्या कार्बोरेटर-दुरुस्तीकडे मी याच बाजूने पाहतो. ती इथल्या हवामानावर घडलेली विद्या आहे आणि तिची नोंद कुठेच झालेली नाही, हे मला खटकते.

यंत्राचे तत्त्व जुने आहे. नळी मध्ये अरुंद केली की तिथे वाहत्या हवेचा दाब उतरतो, हे इटलीच्या व्हेंचुरीने १७९७ मध्ये मांडले. फ्लोट आणि फवारा असलेला कार्बोरेटर १८९३ च्या सुमारास जर्मनीत मायबाख आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी स्वतंत्रपणे तयार केला. पुढची शंभर वर्षे त्याच्या मुळात बदल झाला नाही. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, आणि ते प्रमाण साधणे एवढेच याचे काम.

इकडे ही यंत्रे आली ती कामाच्या गाड्यांवर. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सने बनवलेली राजदूत दूधवाल्यांची गाडी झाली. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून ती पहाटे गावोगाव फिरे. म्हैसूरला १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी बनू लागली, मद्रासहून बुलेट येत होती. १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आणि हीरो होंडाची सीडी १०० आली, आणि रावेर-यावलच्या केळीवाल्यांपासून अमळनेर-पारोळ्याच्या मास्तरांपर्यंत सगळ्यांच्या दारात मोटारसायकल दिसू लागली. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. अशा ठिकाणी गॅरेजांना काम कमी पडत नाही.

‘भाऊ, काय व्हयनं गाडीले?’ या प्रश्नानंतर चांगला मेकॅनिक लगेच पाना उचलत नाही, प्लग काढून बघतो. प्लग काळा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त येते आहे. पांढराफटक असेल तर कमी पडते आहे. भाजक्या विटेसारखा तांबूस असेल तर कार्बोरेटरला हात लावायचे कारण नाही, दोष दुसरीकडे शोधायचा. निम्म्या तक्रारी इथेच वेगळ्या होतात.

पेट्रोल सोडणाऱ्या पितळी जेटमधला कचरा ही सर्वात नेहमीची व्याधी. कमी रेसला पेट्रोल देणाऱ्या स्लो जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. गाडी महिनाभर उभी राहिली की फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेला चिकट थर आधी तेच भोक बुजवतो. मग गाडी चोक दिल्याशिवाय उभ्या जागी चालत नाही, मात्र रेस दिली की नीट पळते. या खुणेवरून स्लो जेट ओळखावा. तो साफ करायला ब्रेकच्या केबलची पोलादी तार वापरणारे हात मी पाहिले आहेत, आणि ते पाहून मनापासून वाईट वाटते. पितळ मऊ असते. भोक केसभर मोठे झाले की तो जेट कायमचा गेला. विजेच्या वायरीतला तांब्याचा एक धागा आणि हवेचा झोत पुरतो.

पण जेट साफ केला आणि गाडी दिली, तर गिऱ्हाईक आठ दिवसांत परत येते. कचरा येतो तो गंजलेल्या टाकीतून, फाटलेल्या कॉकच्या जाळीतून. कापसाच्या हंगामात रस्त्यावरची धूळ आणि तंतू एअर फिल्टरवर बसतात, हवा अडते आणि मिश्रण दाट होते. उन्हात तडकलेल्या रबरी जॉइंटमधून उलट चोरटी हवा शिरते, आणि गाडी आपोआप रेस धरते. चालू गाडीच्या त्या जॉइंटवर पाण्याचे चार थेंब टाकावेत. आवाज बदलला तर चीर तिथेच आहे. जुन्या गाडीत हवेची वाट उघडणारी स्लाइड झिजते, मग लेथवर बॉडी बोअर करून स्लाइडला पितळी स्लीव्ह बसवतात. हे काम जमणारे कारागीर आता थोडे राहिले.

उन्हाळ्याचा खास आजार वेगळा. गाडी पळून आली, थांबवली, आणि पाच मिनिटांनी किक मारली तरी चालू होईना. बंद इंजिनाची उष्णता वर चढून वाटीतले पेट्रोल उकळवते आणि आत वाफ भरते. इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये जाड काळा इन्सुलेटर असतो तो याचसाठी. तो तुटला म्हणून नुसते गॅस्केट लावून गाडी परत देणे, हा खानदेशात तरी गुन्हा मानायला हवा. गाडी अशी वाफेने अडली तर चोकला हात न लावता थ्रॉटल पूर्ण उघडून किक मारावी.

राजदूत ३५० हा या विद्येचा कळस. १९८३ पासून काही वर्षेच बनलेली ही यामाहाच्या रचनेची दोन सिलिंडरची गाडी आजही हौसेने जपली जाते. तिला दोन कार्बोरेटर. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या गेल्या नाहीत तर एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत नेतो. जाणता मेकॅनिक दोन्ही तोंडांत एकेक बोट घालून थ्रॉटल हळूहळू फिरवतो. कोणती स्लाइड आधी हलली ते बोटाला कळते, मग केबलचा नट फिरवायचा. शेवटी दोन्ही सायलेन्सरमागे तळहात धरून झोत सारखे आहेत का ते बघायचे. हे शिकायला उस्तादाशेजारी बसावे लागते.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींमधून कार्बोरेटर जवळपास गेला. धुरासाठी ते योग्यच झाले. अडचण जुन्या गाड्यांची आहे, कारण पेट्रोलही बदलले. वीस टक्के इथेनॉल मिसळल्यावर हवेचे प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येते. जुन्या जेटमधून पूर्वीइतकेच पेट्रोल येत राहिले तर मिश्रण पातळ होते, प्लग पांढरा पडतो, इंजिन तापते. ते इथेनॉल ऊस आणि मक्यापासून होते, आणि मका तर आपल्याच शिवारात पिकतो. म्हणून मी त्याला नावे ठेवणार नाही, गाडी त्याला जुळवून घ्यावी म्हणतो. मेन जेट एक नंबर मोठा टाकून प्लग पाहावा. स्लाइडमधल्या निडलची क्लिप एक खाच खाली घेतली की निडल वर येते आणि मधल्या रेसला पेट्रोल वाढते. साध्या रबराच्या ओ-रिंगा आणि नळ्या इथेनॉलने फुगतात, त्या व्हिटॉनच्या घ्याव्यात. इथेनॉल पाणी ओढते, पावसाळ्यात ते पाणी टाकीच्या तळाशी साचते आणि गंज सुरू होतो. म्हणून टाकी अर्धी ठेवू नये. गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे आणि वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले पेट्रोल काढून टाकावे.